तिसऱ्या शीलानंतरची गाडी

माझे वडील देव मानत नव्हते, पण त्यांच्याइतका धार्मिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. बुद्धावर त्यांची श्रद्धा होती आणि रेल्वेवर विश्वास होता. या दोहोंचं कधी भांडण झालं नाही. उलट एक दुसऱ्यात इतकं मिसळून गेलं की आमच्या अख्ख्या वस्तीची वंदना त्यापायी जगावेगळी होऊन बसली. त्याचीच ही हकिगत आहे.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नांदेडकडच्या एका खेड्यातून ते मिसरूड फुटायच्या वयात सिकंदराबादला आले आणि रुळांच्या गँगमध्ये लागले. पहार, हातोडा, खडी आणि ऊन. पुढे मुकादम झाले, तेव्हा पायाखालची खडी तीच राहिली, फक्त गळ्यात शिट्टी आली. आमच्या वस्तीत आमच्यासारखीच मराठवाड्यातून आलेली बौद्ध घरं होती. कुणी रेल्वेत, कुणी लष्कराच्या बंगल्यावर माळी, कुणी दवाखान्यात वॉर्डबॉय. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि रस्त्यावर हैदराबादी, अशी आमच्या जिभेची वाटणी झालेली. वस्तीच्या टोकाला, रुळाला अगदी लागून, पत्र्याची एक खोली होती. तेच आमचं विहार. त्याची किल्ली दादांच्या करदोट्याला असायची.

लग्न, नामकरण, घरभरणी, मयत, काहीही असलं की वस्ती दादांकडे यायची. दर वेळी भन्ते कुठून आणणार? मग दादा पांढरा शर्ट-पँट घालून, खिशाला कंगवा लावून उभे राहायचे. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती, पण गाथा त्यांना सगळ्या पाठ होत्या, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आम्हाला. आमच्या वस्तीत धम्म कुणी वाचून शिकला नाही. दादांच्या तोंडाकडे बघून शिकला.

ड्यूटी सुटली की ते घरी थोडेच बसणार! गावाकडचे लोक पेशंट घेऊन अफझलगंजच्या सरकारी दवाखान्यात यायचे आणि नवख्या शहरात भांबावून जायचे. दादा डबा घेऊन तिकडे निघायचे. माय भाकरी थापता थापता विचारायची, "आज कोण आलंय?"

"आपलंच माणूस हाय."

"आडनाव काय त्यांचं?"

"आडनाव काय करतीस? पोट हाय ना त्याला."

मग माय आणखी दोन भाकऱ्या टाकायची. कुरकुरत टाकायची, पण टाकायची.

एका बाबतीत मात्र दादा माणसांना जड जायचे. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीचे लोक ते रविवारी म्हणतात आणि सोमवारी विसरतात. दादांना ते विसरता येत नव्हतं. पाहुणे दारात आले की माय म्हणायची, "आताच तुमची आठवण काढली बघा." लगेच खाटेवरून दादा, "कोणी काढली? मी तर नाही काढली." पाहुण्यांनी हसावं की परत जावं, हे त्यांना कळायचं नाही. माय गोड बोलणारी, दादा खरं बोलणारे, आणि मी दादांवर गेले. नारायणगुड्याच्या शाळेत मी शिकवते, तिथे पालक मला घाबरून असतात, कारण त्यांचं लेकरू हुशार आहे असं मी ते हुशार असल्याशिवाय म्हणत नाही. म्हणून घरात खरं काय ते जाणून घ्यायचं असलं की दादा मायला विचारायचे नाहीत. मला विचारायचे.

आता गाडीचं सांगते. रुळावर काम करणाऱ्यांचा एक नियम असतो. गाडी आली की हातातलं काम सोडायचं, बाजूला व्हायचं आणि गाडीकडे तोंड करून शेवटचा डबा जाईपर्यंत उभं राहायचं. ते नुसतं आपला जीव वाचवायला नव्हे. जाणारी गाडी नीट न्याहाळायची, कुठे काही लोंबतंय का, चाकापाशी धूर निघतोय का. दिसलंच काही तर गार्डाला हात करायचा. दादा सांगायचे, "आतले लोक झोपलेले असतात. त्यांच्या वाटणीचं आपण बघायचं." त्यांनी आयुष्यभर हे केलं आणि रिटायर झाल्यावरही केलं. आम्ही बसमधून जाताना फाटकाशी थांबलो तरी ते खिडकीतून अख्खी गाडी तपासायचे.

रविवारी सकाळची पॅसेंजर नेमकी आमचं पंचशील चालू असताना यायची. त्रिशरण व्हायचं, मग पहिलं शील, दुसरं, तिसरं, आणि पत्रा थरथरायला लागायचा. दादा थांबायचे. हात जोडलेलेच, पण मान खिडकीकडे. डब्यामागून डबे जायचे. गार्डाचा डबा गेला की ते मान किंचित हलवायचे, पुन्हा मूर्तीकडे वळायचे आणि चौथं शील सुरू करायचे. ते थांबले की सगळे थांबायचे. आम्ही मुलं तेवढ्यात एकमेकांना चिमटे काढून घ्यायचो.

पुढे त्या पॅसेंजरची वेळ बदलली. आम्ही थांबतच राहिलो. मग रूळ वाढवायचे म्हणून पत्र्याची खोली गेली, आणि वस्तीने रुळापासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ पक्कं विहार बांधलं. तिथे गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. तरी तिसरं शील झालं की सगळे गप्प. दादांची मान खिडकीकडे, जिथून फक्त टाकी दिसते. त्यात कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. नंतर जन्मलेल्या मुलांना तर हे वंदनेतच असतं असं वाटायचं. आमच्या शेजारची काकू, जिची जीभ साऱ्या वस्तीला पुरून उरायची, नव्या सुनांना त्याचा अर्थही सांगायची. तिसरं शील परस्त्रीचं, परपुरुषाचं. काकू म्हणायची, "ते थांबणं हाय ना, ते गड्यांसाठी हाय. जरा आपल्या मनात डोकावून बघा म्हणून." सुना लाजायच्या आणि गडी खाली बघायचे. दादा कानामागे टाकायचे.

भांडं फुटलं ते माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात. मुलगी नांदेडची, लग्नही तिकडेच. आम्ही दोन बस भरून गेलो. मांडव भरलेला, समोर मूर्ती, विधी लावायला तिकडचेच एक गुरुजी. दादा वरबाप म्हणून पुढच्या रांगेत. गुरुजींनी वंदना सुरू केली आणि सगळा मांडव एका सुरात म्हणायला लागला. तिसरं शील झालं, आणि आमच्या बाजूचा अर्धा मांडव ठप्प झाला. नांदेडचे लोक पुढे गेले, मग अडखळले, मग तेही थांबले. गुरुजींचा चेहरा उतरला. भर लग्नात वरपक्ष गप्प होतो म्हणजे काय! ते म्हणाले, "पाहुणे, काही हरकत आहे का?"

नांदेडकडच्या बायकांतून आवाज आला, "कामून थांबायलाव?"

आमची काकू कशाला ऐकून घेते? "थांबायचंच असतंय की इथं."

"कुठं लिवलंय?"

काकूने दादांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. दादांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण चौथं शील तर तोंडावर आलेलं. ते म्हणाले, "लिहिलेलं नाही. आमच्याकडं तिथं गाडी यायची."

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी म्हणालं, "हैदराबादवाल्यांचा सिग्नल पडला नाही अजून," आणि सगळा मांडव हसला. नवरी हसली, गुरुजी हसले, आम्हीही हसलो. लग्न झकास लागलं. दादा मात्र हसले नाहीत. जेवणाच्या पंगतीतही ते ताटाकडे बघत बसले होते.

परतीच्या बसमध्ये ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवून धम्म घेतला, आणि मी त्यात माझी ड्यूटी घुसवली. मी जायच्या आत ही चूक काढायची."

मी म्हटलं, "कुणाचं काय बिघडलं त्यात?"

"उद्या कोणी लेकरानं विचारलं, हितं का थांबतात? तर काय सांगतील? एक गँगमन होता म्हणून?"

"सांगू द्या की. चांगलंच आहे ते."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ते मला चांगलंच वाटत होतं, आजही वाटतं. पण दादांच्या लेखी बुद्धाच्या शब्दांत आपली सावली पडणं हा गुन्हा होता.

पुढच्या रविवारी त्यांनी वंदनेआधी उभं राहून सांगितलं, "आजपासून तिसऱ्या शीलानंतर थांबायचं नाही. चूक माझी होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसरं शील झालं आणि सगळे थांबले. सगळ्यांत आधी दादा. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला आणि मागे कुणीतरी खुसखुसलं. मग त्यांनी टाळी वाजवून बघितलं, आवाज चढवून बघितलं, घरोघरी जाऊन समजावून बघितलं. लोक समोर हौ हौ म्हणायचे आणि रविवारी गप्प व्हायचे. माझी मुलगी हायटेक सिटीत नोकरी करते, मराठी वाचताना तिला घाम फुटतो, पण वंदना तिला तोंडपाठ आहे, थांबण्यासकट. ती म्हणाली, "आजोबा, लाइट घ्या ना, एवढं मनावर कशाला? ये अपना स्टाइल है."

"धम्मात स्टाइल नसते," दादा म्हणाले, आणि तिच्या हातचा चहासुद्धा अर्धा ठेवून उठले.

त्यानंतर त्यांची तब्येत उतरायला लागली. जन्मभर खडीची धूळ छातीत गेलेली, त्यात काळीज थकलेलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता औषधं आणि आराम, त्यापलीकडे फारसं काही हातात नाही. जिना उतरणं बंद झालं, विहार बंद झालं. किल्ली करदोट्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. रविवारी वंदना आटोपून मी घरी गेले की त्यांचा एकच प्रश्न, "थांबले?"

मी कशाला खोटं सांगू? "थांबले," म्हणायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा म्हणाले, "एक डाव वंदना सरळ ऐकायला मिळावी बघ. मग मी मोकळा." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं आणि वस्तीचा इतका राग आला की मी ठरवलं, आता हे काम माझं.

वर्ग आवरणं हा माझा धंदाच आहे. दादा लोकांना 'थांबू नका' सांगायचे, आणि थांबू नका म्हटलं की माणसाला थांबणंच आठवतं. मी तो शब्दच काढला नाही. लोक थांबत होते कारण तिसरं शील संपताना त्यांचा श्वासही संपायचा. मी श्वासाची जागा बदलली. तिसऱ्याच्या मध्येच दम घ्यायचा, तिथून चौथ्याच्या मध्यापर्यंत एकसलग जायचं. शाळा सुटली की मी वस्तीत शिरायची. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गच्चीवर, दोनचार घरं गोळा करून म्हणून घ्यायची. पोरं पटकन शिकली. पुरुष बायकोकडे बघून शिकले. राहिली काकू.

"माझं लग्न होऊन आल्यापासून मी थांबायली," काकू म्हणाली, "आता म्हातारपणी पळायला लावायलीस मला."

"दादांसाठी पळा."

काकूने पदर खोचला. मग म्हणाली, "माझ्या शेजारी उभी राहा. थांबले की कोपर मार."

कोपर खाऊन खाऊन काकूसुद्धा शिकली. मी दादांना काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं, की या रविवारी वंदना आपल्या घरी आहे.

रविवारी सकाळी घर भरलं. आतल्या खोलीत म्हातारी माणसं, व्हरांड्यात बायका, जिन्यावर पोरं, खाली गल्लीत पुरुष. फळीवरची बुद्धमूर्ती दादांच्या समोर टेबलावर ठेवली, मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली. दादांना पांढरा शर्ट घातला. पाठीला उशा लावून बसवलं. मायने खिशाला कंगवा लावला. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

दादांनीच सुरुवात केली. आवाज बारीक, पण सूर तोच. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं. तिसऱ्याच्या मध्ये मी बोट वर केलं आणि घरभर एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला. तिसरं संपलं आणि चौथं सुरू झालं. कुणी थांबलं नाही. काकू नाही, गल्लीतले पुरुष नाहीत, जिन्यावरचं शेंबडं पोरसुद्धा नाही. छाती भरून आली माझी.

आणि मग मला दिसलं, की दादा थांबले आहेत.

हात जोडलेले होते. मान खिडकीकडे वळली होती. खिडकीतून शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत होते, पण दादा काय बघत होते ते मला बरोबर ठाऊक होतं. आमचं चौथं शील त्यांच्या अंगावरून निघून गेलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. काकूने ते सगळ्यांत आधी ओळखलं. ती गप्प झाली. मग माय. मग खोली, मग व्हरांडा, मग जिना. खाली गल्लीत पाचवं शील अर्ध्यावर पोचलं होतं, तेही विरत गेलं. शेवटी मी एकटीच राहिले, आणि मीही थांबले.

सगळं घर उभं राहिलं. कुणी खोकलं नाही. दादा डबा डबा करून बघत होते. किती वेळ ते मी सांगत नाही, लांब गाडी होती. मग त्यांनी मान किंचित हलवली, मूर्तीकडे वळले, डोळे मिटले, आणि त्या बारीक आवाजात चौथं शील सुरू केलं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या मागून ते पुन्हा म्हटलं, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं. पाचवं झालं. वंदना संपली. तीनदा साधु म्हणून झालं.

दादांनी डोळे उघडले. खोलीवरून नजर फिरवली आणि मायला नाही, काकूला नाही, मलाच विचारलं, "आज कोणी थांबलं नाही ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं न बोलण्याची शपथ आत्ताच घेतली होती आम्ही, तीही दोनदा.

"नाही दादा," मी म्हटलं, "कुणीच थांबलं नाही. एका दमात झालं."

"मला पण तसंच वाटलं," ते म्हणाले, आणि उशीवर मान टेकली.

खालून कुणीतरी विचारलं, चहा आणू का. पोरं जिना उतरून पळाली. काकू पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी तिथे गेले तेव्हा माय कप मांडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्यांदा माझ्यासारखी बोललीस."

पुढचा रविवार दादांनी पाहिला नाही. त्यांच्या मयताला अफझलगंजच्या दवाखान्यातून बरे होऊन गेलेले लोक गावाकडून आले होते, त्यांतल्या निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. वंदना मी घेतली. किल्ली माझ्याकडे होती, आणि दुसरं कुणी पुढे झालंही नाही. तिसरं शील संपलं आणि आमची सगळी वस्ती थांबली. माझी सगळी शिकवणी पाण्यात गेली. गावाकडचे लोक आधी गोंधळले. पण या वेळी कामून थांबायलाव, असं कुणी विचारलं नाही. तेही थांबले.

आता विहाराचं दार दर रविवारी मीच उघडते. बाहेरगावी लग्नाकार्याला गेलो की आम्ही वंदना न थांबता म्हणतो, कारण दादांची तशी इच्छा होती. घरी, आमच्या विहारात, आम्ही थांबतो. कुणी मला त्याबद्दल धम्मात काय लिहिलंय ते दाखवायला आलं, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवते. नवी लेकरं विचारतात, इथे का थांबायचं? मी सांगते, एक गँगमन होता. तो झोपलेल्या माणसांच्या वाटणीचं बघायचा. मग आम्ही खिडकीकडे बघतो, टाकी दिसते, आणि गार्डाचा डबा गेला की मी चौथं शील सुरू करते.

माझी मुलगी म्हणते, "मम्मी, ते चौथं तू सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणतेस." म्हणत असेन. ते शील मी दर रविवारी मनापासून घेते, आणि दादांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.